शिलारस की गरम पाणी?

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या शाळेत शिकवणाऱ्यांच्या वर्गात दोन-चार मुले तरी अशी असतात, की ज्यांच्या घरचे कोणी गाड्यांच्या नाहीतर सुट्या भागांच्या कारखान्यात कामाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. जुलैत बजाज ऑटोने जाहीर केले, की चुंबक मिळत नसल्यामुळे विजेवरच्या चेतकचे उत्पादन घटवावे लागत आहे. ‘ही मूलद्रव्ये आपल्याकडे नाहीत का?’ असा प्रश्न अशा वेळी मुले विचारणारच. उत्तर देण्यासाठी एका जुन्या वादाकडे जावे लागते.

आधी नावातली फसगत दूर करू. ही मूलद्रव्ये तितकीशी दुर्मिळ नाहीत. सेरियम तर भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण अशी, की ती सगळीकडे थोडी थोडी विखुरलेली असतात. त्यांचे आयन मोठे आणि तीन धनभारांचे. नेहमीच्या खनिजांच्या स्फटिकांत ते सहज मावत नाहीत. म्हणून शिलारस थिजत जातो तसे ते मागे राहिलेल्या द्रवात साठत जातात. हा साठा सर्वांत चांगला होतो तो कार्बोनेटाइट नावाच्या खडकात.

या खडकात निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजे असतात. त्यावर आम्ल टाकले तर तो चुनखडकासारखा फसफसतो. नॉर्वेतील फेन भागाचा अभ्यास करून डब्ल्यू. सी. ब्रगर यांनी १९२१ मध्ये त्याला हे नाव दिले आणि तो शिलारसापासून बनला असे म्हटले. एन. एल. बोवेन यांना हे पटले नाही. शिलारस कसा थिजतो हे प्रयोगशाळेत दाखवणारा हा त्या काळचा मोठा माणूस. कॅल्साइट वितळायला प्रचंड तापमान लागते, तेव्हा हा खडक शिलारसाचा नव्हे. गरम पाण्याने जुना खडक विरघळवून त्या जागी कॅल्साइट भरले, असे त्यांनी १९२४ मध्ये मांडले. वाद पुढे तीन-साडेतीन दशके चालला.

तो मिटवला दोन गोष्टींनी. पीटर वायली आणि ओ. एफ. टटल यांनी १९६० मध्ये दाखवले, की दाबाखाली पाण्याची जोड मिळाली तर कॅल्साइटयुक्त मिश्रण साधारण ६५० अंश सेल्सियसलाच वितळू लागते. त्याच वर्षी टांझानियातील ओल्डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या विवरात जे. बी. डॉसन यांनी कार्बोनेटचा लाव्हा वाहताना पाहिला. डांबरासारखा काळा, तेलासारखा पातळ; हवेतली ओल शोषून तो लवकरच पांढरा पडे. डोळ्यांदेखत वाहणाऱ्या लाव्ह्यापुढे बोवेन हरले.

आपल्याकडची गोष्ट लगेच १९६३ ची. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील आर. एन. सुखेस्वाला आणि अणुखनिज विभागातील जी. आर. उदास यांनी गुजरातेत अंबा डुंगर येथे कार्बोनेटाइट असल्याचे प्रसिद्ध केले. हे ठिकाण आज छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे, नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या पलीकडे. म्हणजे सह्याद्रीच्याच नात्यातले: आपला काळा बेसाल्ट ज्या उद्रेकांतून आला, त्यांच्याच काळात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हा कार्बोनेटाइट वर आला. खडकाचे मोठे कडे, आणि त्यात फ्लोराइटच्या शिरा.

या शिरांनी बोवेन यांचे पाणी परत आणले. फ्लोराइटच्या स्फटिकांत द्रवाचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. ते तापवून पाहिले तेव्हा कळले, की फ्लोराइट जेमतेम शंभर-दीडशे अंशांच्या पाण्यातून साचले. शिलारस थिजल्यावर सुटलेले गरम क्षारयुक्त पाणी भेगांतून फिरले, डोंगरात मुरलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळले आणि निवता निवता खनिजे टाकत गेले. बास्टनेसाइटसारखी दुर्मिळ मृदांची खनिजे पुष्कळ ठिकाणी अशाच उशिराच्या टप्प्यात एकवटलेली दिसतात. म्हणजे खडक ब्रगर यांचा, पण त्यातल्या धातूंची आवराआवर बरीचशी बोवेन यांच्या पाण्याची. (मुलांना हे दाखवायचे तर लांब जायला नको. वाघोलीच्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे आणि कॅव्हन्साइटचे निळे स्फटिक मिळतात. तेही खडक थिजल्यानंतर गरम पाण्यानेच भरले. आपल्या बेसाल्टात दुर्मिळ मृदा मात्र फार थोड्या.)

पाणी हे आयन वाहून कसे नेते यावर अजून भांडण आहे. पूर्वी समजूत होती, की फ्लोराइड त्यांना धरून नेते. मॅकगिल विद्यापीठातील मिग्दिसोव आणि विल्यम्स-जोन्स यांच्या प्रयोगांनी हे उलटे केले: वाहून नेतात क्लोराइड आणि सल्फेट, फ्लोराइड भेटले की खनिज खाली बसते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील अॅननबर्ग आणि सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमचे महत्त्व त्याहून मोठे असल्याचे दाखवले. मला स्वतःला एकच उत्तर सगळ्या डोंगरांना लागू पडेल असे वाटत नाही.

तर, आपल्याकडे आहेत का? आहेत. सरकारने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे गुजरात आणि राजस्थानच्या काही भागांतील कठीण खडकांत १२.९ लाख टन दुर्मिळ मृदा ऑक्साइडे आहेत. किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत त्याहून कितीतरी जास्त. पण जमिनीतला साठा म्हणजे चुंबक नव्हे. बास्टनेसाइट वेगळे काढायचे, आम्लात विरघळवायचे, मग एकमेकांसारखी वागणारी डझनभर मूलद्रव्ये शेकडो पायऱ्यांनी सोडवायची, शेवटी धातू आणि मिश्रधातू. शिवाय कार्बोनेटाइटमध्ये भरणा असतो तो हलक्या गटाचा: लँथॅनम, सेरियम, निओडायमियम. चुंबकाचा मुख्य भाग निओडायमियम, लोह आणि बोरॉन यांचा, तेवढ्यापुरता अंबा डुंगर उपयोगी पडू शकेल. पण मोटार तापली तरी चुंबकत्व टिकावे म्हणून त्यात थोडे डिस्प्रोशियम घालतात. ते जड गटातले. २०२५ च्या त्या सातांपैकी एक. जगाला ते मुख्यत्वे मिळते दक्षिण चीन आणि म्यानमारमधल्या मातीतून, जिथे पावसाच्या पाण्याने ग्रॅनाइट कुजवून त्यातले आयन चिकणमातीच्या कणांवर चिकटवून ठेवले आहेत.