गेलेल्यांचा पत्ता लागतो

जून महिना आला की शाळेत दाखल-खारीज रजिस्टर पाहायला माणसं येतात. कुणाला जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी असते, कुणाला वारसासाठी. जुनी पानं उर्दूत असली की वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. शाळेच्याही मागे जायचं असेल तर कोतवाल बुक. ते मोडीत, आणि त्यात बाळाला बहुधा नावच नसतं. अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली, एवढंच.

माझा स्वतःचा शोध पणजोबांपाशी अडला. 'शेख' एवढ्यावर माणूस कसा शोधणार? आमच्या गल्लीत निम्मी घरं शेखांची. शिवाय इंग्रजी कागदांत वाशीम नाहीच, तिथे 'बासीम' आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, पुढे बासीम जिल्हा झाला, १९०५ ला तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा. म्हणजे पणजोबा एकाच घरात राहिले तरी त्यांचा जिल्हा बदलला.

न हललेल्या माणसाची ही गत. आता हललेल्याची पाहा.

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामी संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, ते हिंदुस्थानातून गिरमिटावर नेले. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडचे मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळे. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं लिहिलं जाई. जातीच्या रकान्यात धर्मही येई, त्यामुळे मुसलमान मजूर तिथे लगेच सापडतो. ही रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. वंशज येतात, घरातला जुना कागद दाखवतात आणि नंबरावरून पणजोबांच्या गावापर्यंत पोहोचतात.

हे काही प्रेमापोटी लिहिलेलं नव्हतं. मजूर पळाला तर धरता यावा म्हणून ती खूण. १८६७ च्या कायद्याने तर गिरमिट संपलेल्यांनाही फोटो लावलेलं ओळखपत्र जवळ बाळगायला लावलं. नसेल तर पोलीस उचलत. आज नातवंडं जो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावतात, तो त्या धरपकडीचा.

अडचणी तिथेही आहेतच. कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलं. आडनावं गळाली, आजोबांचं नुसतं नाव घराण्याचं आडनाव झालं. रामगुलाम, जगन्नाथ ही तिथली मोठी नावं अशीच. आणि 'रत्नागिरी' वाचून कुणी आजच्या रत्नागिरीत शोधत बसला तर फसेल. १९८१ पर्यंत मालवण, वेंगुर्लाही त्याच जिल्ह्यात होते, आणि सावंतवाडी तर तेव्हा वेगळं संस्थान. बासीमसारखंच हे. आधी त्या काळचा नकाशा पाहावा, मग गाव.

त्या रजिस्टरांत बायकांनाही स्वतःचा नंबर आहे. नवऱ्यासोबत गेलेली बाई तिथे आपल्या नावाने, आपल्या बापाच्या नावाने सापडू शकते.

माझ्या पणजीचं नाव मी घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं. "आम्ही तिला दादीच म्हणायचो," एवढंच सांगतात.