पाझर तलावापासून चिपपर्यंत: शारदानगरची वाटचाल

बारामतीचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट १९७१ साली स्थापन झाला. अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेपुढचा पहिला प्रश्न पाण्याचा होता. नीरा डाव्या कालव्याखालची गावं बागायती. कालव्याचं पाणी न चढणारी बारामती-इंदापूरची कितीतरी गावं मात्र जिरायती, पावसाच्या भरवशावरची. त्याआधीच्या दुष्काळी वर्षांत ‘कासा’ या ख्रिस्ती सेवासंस्थेकडून आलेलं धान्य मजुरीपोटी देऊन इथे पाझर तलाव बांधले गेले होते. ट्रस्टचं काम त्याच वाटेने पुढे गेलं.

१९७१ च्याच नोव्हेंबरात अमेरिकेत इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. नखापेक्षा लहान सिलिकॉनवर २,३०० ट्रान्झिस्टर. अशा चिपची सुरुवात १९५८ च्या उन्हाळ्यातली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये नुकताच लागलेला जॅक किल्बी रजा शिल्लक नसल्याने मागे राहिला होता, बाकीचे सुट्टीवर. त्या निवांतपणात त्याने अख्खं सर्किट जर्मेनियमच्या एकाच तुकड्यावर बसवलं आणि १२ सप्टेंबरला चालवून दाखवलं. पण त्यातले भाग बारीक तारांनी बाहेरून जोडलेले होते. पुढच्या वर्षी फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइसने, जीन होर्नीच्या प्लॅनर पद्धतीच्या आधाराने, जोडणीही सिलिकॉनच्या पृष्ठावरच धातूच्या पातळ थरात उमटवायचा मार्ग काढला. नोबेल २००० साली किल्बीला मिळालं. नॉइस तोवर हयात नव्हता. उसाच्या सरीपर्यंत चिप पोचली ती मात्र, माझ्या मते, नॉइसच्या पायरीमुळे. हाताने जोडायच्या तारा गेल्या, एका चकतीवर शेकडो चिप निघू लागल्या, आणि किंमत उतरत गेली.

इकडे ट्रस्टच्या शारदानगरच्या आवारात त्या काळात वेगळंच चाललं होतं. ठिबकचे प्रयोग, प्रात्यक्षिकाचे प्लॉट, माती परीक्षण, १९९२ मध्ये कृषी विज्ञान केंद्र. शेतकरी ऐकून बदलत नाही, शेजारच्या रानात पाहून बदलतो, हे इथल्या माणसांनी ओळखलं होतं. दर जानेवारीत भरणारं ‘कृषिक’ प्रदर्शन त्याच समजुतीवर उभं आहे: तिथे पीक प्रत्यक्ष मातीत वाढलेलं दाखवतात.

अलीकडे ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याबरोबर ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प हाती घेतला. हवामान केंद्र, उपग्रहाची छायाचित्रं आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला मोबाइलवर मराठीत सल्ला जातो. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या कामाचं जाहीर कौतुक केल्यावर बारामतीचं नाव जगभर गेलं.

मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो मातीत गाडलेला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५. म्हणजे माती ओली झाली की तिच्यात रोवलेल्या दोन पट्ट्यांमधली विद्युत धारकता वाढते. चिप ती मोजते, तिचा आकडा करते आणि रेडिओने पाठवते. आजवर आपण मूठभर माती दाबून वाफसा पाहायचो. मुळाशी, फूटभर खाली काय चाललंय, ते त्या मुठीत येत नव्हतं. कालव्याचं आवर्तन आलं की गरज असो-नसो पाणी सोडायचं, पुढची पाळी कधी येईल कोणी सांगावं! या धास्तीपोटीच नीरेच्या लाभक्षेत्रात कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या.

सेन्सर रोवला की काम झालं, असं मात्र नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पट्टी आणि माती यांच्यात हवा शिरली की आकडा खोटा कमी येतो. क्षार जास्त असले तरी मोजणी बिघडते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या मातीसाठी सेन्सर पडताळून घ्यावा लागतो, आणि तिथे पन्नास वर्षं या मातीत राबलेल्या संस्थेची गरज लागते. ते काम दूरच्या सर्व्हरवरून होणारं नव्हे.

राज्य सरकारने २०२५ मध्ये महाअॅग्री-एआय धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली आहे. हवामान केंद्र एकाच वेळी अनेक शेतांना उपयोगी पडतं, सेन्सर मात्र ज्या प्लॉटमध्ये रोवला तिथलीच ओल सांगतो. एक-दोन एकरवाल्याने त्याचा खर्च एकट्याने का सोसावा? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती या कारखान्यांकडे उसाच्या नोंदी आहेत, शेतकी विभाग आहे, बांधाबांधावर फिरणारे चिटबॉय आहेत. सेन्सर कारखान्यांनी गटवार, मातीच्या प्रकाराप्रमाणे बसवावेत आणि आकडा त्या शिवारातल्या प्रत्येक सभासदाच्या मोबाइलवर जावा. सुरुवात कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, इंदापूरच्या गावांपासून करावी. पाणी सर्वांत उशिरा तिथेच पोचतं.