ग्लुटाथायोन आणि मधुमेह : एका उपचारकल्पनेचा इतिहास

मधुमेहाचा विचार दीर्घकाळ केवळ साखरेच्या अंगाने होत आला. तथापि रक्तातील साखर वाढली की पेशींत क्रियाशील ऑक्सिजनकण वाढतात आणि डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांच्या हानीस ते हातभार लावतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. या हानीस शरीर स्वतःच अटकाव करीत असते. त्या संरक्षणव्यवस्थेतील एका प्रमुख द्रव्यास हॉपकिन्स यांनी १९२१ साली ग्लुटाथायोन हे नाव दिले.

प्रायमाक्विन या हिवतापावरील औषधाने काही रुग्णांच्या तांबड्या पेशी का फुटतात, याचा शोध घेताना १९५६ साली जी-६-पीडी या एन्झाइमची उणीव उघडकीस आली. खर्ची पडलेले ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम होण्यासाठी तांबड्या पेशी याच एन्झाइमवर अवलंबून असतात. मुंबईच्या पारशी समाजातील ही उणीव १९६३ साली नोंदली गेली.

संरक्षक द्रव्य बाहेरून पुरवावे, ही कल्पना साहजिक होती. परंतु ई जीवनसत्त्वाने तिला यश दिले नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत ९,५४१ रुग्ण होते व त्यांत मधुमेही पुष्कळ होते. तरीही हृदयविकार टळला नाही. पुण्यातील संशोधकांनी २०२२ साली निराळा मार्ग मांडला. उपचार चालू असलेल्या २५० मधुमेहींपैकी १२५ जणांना सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन देण्यात आले. तीन महिन्यांतच रक्तातील ग्लुटाथायोन वाढले व डीएनएच्या हानीची खूण घटली. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण, म्हणजे एचबीए१सी, मात्र पंचावन्न वर्षांवरील गटातच लक्षणीय बदलले. आणि ही गटवार छाननी मागाहून केलेली होती.

हा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू करता येईल काय? नर्मदाकाठचे मणिबेली हे भिल्लवस्तीचे गाव घ्या. पश्चिम भारतातील अनेक आदिवासी समाजांत सिकल सेल व जी-६-पीडीची उणीव आढळते. या दोहोंत तांबड्या पेशींचे आयुष्य घटले, तर एचबीए१सी वास्तवापेक्षा कमी दिसते. रोग असूनही रोगी निरोगी ठरू शकतो. शिवाय त्या उणिवेत ग्लुटाथायोनच्या पुनरुज्जीवनाची वाटच अरुंद असते. म्हणून अशा ठिकाणी रक्तातील साखर प्रत्यक्ष मोजणे व या उणिवांची तपासणी करणे हे उपचाराच्या आधी येते. ज्या माणसांवर चाचणी झाली त्यांच्याहून वेगळ्या रक्ताच्या माणसांस तिचे फळ गृहीत धरून देणे शास्त्रास धरून होणार नाही.