डॅशबोर्डवरचा व्होल्टमीटर

तिसगावहून नगरकडे निघाले की करंजीचा घाट लागतो. रात्री घाटात गाडी बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर नुसतीच टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरली हे कळते. पण फार उशिरा. ते आधी कळावे म्हणून डॅशबोर्डवर आजवर निरनिराळी साधने आली. त्यांचा इतिहास विद्युतधारेचा धडा शिकवताना उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला. हॅण्डल मारण्याचे कष्ट वाचले, पण गाडी बॅटरीच्या स्वाधीन झाली. पुढे कित्येक वर्षे डॅशबोर्डवर अॅमीटर असे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवायला घेतलेल्या जीपमध्येही तो होता. मध्यभागी शून्य, सुई अधिककडे झुकली तर बॅटरी भरते आहे, उणेकडे झुकली तर रिकामी होते आहे.

इतके सोपे साधन मग गेले का? अॅमीटर एकसर जोडणीत लावायचा असतो. म्हणजे स्टार्टरची शेकडो अॅम्पिअरची धारा वगळली, तर बाकी बहुतेक सारी धारा जाड तारेने डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यावी लागे. एखादा नट सैल होऊन सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला आणि धारा ३० अॅम्पिअर असली, तर तेथे ९० वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगची चांगली मोठी इस्त्रीच ती, आणि तीही प्लॅस्टिकच्या पाठीमागे! १९६० च्या सुमारास क्रायस्लरने व्हॅलियंट मोटारीत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवला. इतरांनीही तोच मार्ग धरला, धारा वाढत गेल्या आणि अॅमीटर अधिकच गैरसोयीचा झाला.

त्याच्या जागी अनेकांनी लाल दिवा लावला. तो स्वस्त खरा, पण चार्जिंग थांबल्यावरच बोलतो. फॅनबेल्ट घसरून चार्जिंग अर्धवट होत असेल, तर बहुधा गप्पच राहतो.

व्होल्टमीटर समांतर जोडणीत लागतो. त्याला बारीक तार पुरते. मात्र १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, जवळजवळ रिकामी झालेली १२ च्या आसपास, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. सारी कथा अडीच व्होल्टांत संपते. लहानशा तबकडीवर सुईला एवढा फरक नीट दाखवता येत नाही. अंक तो सहज दाखवतात.

अंकदर्शी व्होल्टमीटर अमेरिकेत अँड्र्यू के यांनी १९५० च्या दशकात तयार केला, तेव्हा तो प्रयोगशाळेतील महागडी पेटी होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे मुख्य काम एका चिपमध्ये मावले, आणि आज बोटभर मीटर सुट्या भागांच्या दुकानात मिळतो.

बसवताना तो फ्यूजमधून आणि चावीनंतरच्या तारेवर घ्यावा. मीटर २० मिलिअॅम्पिअर घेतो असे धरले आणि तो बॅटरीवर थेट जोडला, तर दिवसाला ०.४८ अॅम्पिअर-तास जातात, महिन्यात १४ हून अधिक. उभ्या गाडीची ३५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी तिच्या पहारेकऱ्यानेच खाल्ली म्हणायची! तार दिव्यांच्या किंवा पंख्याच्या वायरीवरून घेतली, तर त्या वायरीतील विभवपतनामुळे आकडा कमी दिसतो. दिवे लावून आणि विझवून विद्यार्थ्यांना हा फरक वाचायला लावावा.

अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा दाब संगणक मुद्दाम कमी-जास्त करतो. तेथे चालत्या गाडीत १२.५ दिसले, तरी लगेच गॅरेज गाठण्याचे कारण नाही.