कारवानी कुत्र्याचें शिक्षण



सोलापुराहून विजापूरच्या रस्त्यानें निघून वडकबाळजवळ सीना ओलांडली, कीं थोड्याच वेळांत मंद्रूप लागतें. पुढें भीमा आणि भीमेपलीकडे कानडी मुलूख. ज्वारीच्या या उघड्या रानांत मेंढरांच्या कळपामागून एखादा उंच, शिडशिडीत, निमुळत्या तोंडाचा कुत्रा चाललेला दिसतो. त्याच्या फासळ्या पाहून शहरांतील पाहुणा हळहळतो. परंतु तो उपाशी नसतो. त्याची घडणच तशी आहे. त्यालाच कारवानी कुत्रा म्हणतात. हल्लीं हा कुत्रा हौसेनें शहरांतील घरांत आणला जातो, आणि पुष्कळदां वर्षभरांत 'ऐकत नाहीं' म्हणून टाकून दिला जातो. तो कां ऐकत नाहीं, याचें उत्तर त्याच्या इतिहासांत आहे.

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. पश्चिम व मध्य आशियांतून दक्षिणेंत आलेल्या तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर ही जात इकडे आली, असा परंपरागत समज आहे. अरबस्तानांतील सालुकी व अफगाणिस्तानांतील ताझी यांच्याशीं तिचें साम्य सहज डोळ्यांत भरतें. पुढें घटप्रभेच्या कांठच्या मुधोळ संस्थानचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीला आश्रय दिला आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांस नजर केली. त्यामुळें 'मुधोळ हाउंड' हें नांव रूढ झालें. १९४८ सालीं तें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९५६ सालीं मुधोळ म्हैसूर राज्यांत गेलें. नांव मात्र टिकलें. २००५ सालीं टपालखात्यानें या कुत्र्याचें तिकीट काढलें, आणि २०१६ सालीं त्याचीं पिलें मेरठच्या लष्करी केंद्रांत शिक्षणासाठीं दाखल झालीं.

नांव राजदरबारांतून मिळालें. गुण मात्र रानांत घडले. कित्येक कुत्रे वासानें माग काढतात. हा डोळ्यांनीं शिकार करतो. दूर ससा हलला, कीं हुकुमाची वाट न पाहतां जो धांवेल, त्याचाच वंश धनगरांनीं व शिकाऱ्यांनीं पिढ्यानुपिढ्या वाढविला. अल्सेशियनचे पूर्वज मेंढपाळाच्या खुणेकडे पाहून काम करीत. याचे पूर्वज क्षितिजाकडे पाहत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं सशाची शिकारही गुन्हा ठरली. काम गेलें, पण ओढ रक्तांत राहिली.

हें मला पुस्तकानें नव्हे, एका प्रसंगानें शिकविलें. आमच्या घरच्या कुत्र्यानें एकदां अरुंद पट्ट्यांतून मान सोडवून घेतली आणि महामार्गापलीकडे दिसलेल्या मांजरामागें झेंप घेतली. मीं मारलेल्या हांका त्याच्या कानांवर पडल्याच नाहींत. मोटारवाल्यानें करकचून ब्रेक दाबला, म्हणून तो वांचला. चूक माझी होती. या जातीचें डोकें मानेपेक्षां फारसें रुंद नसतें. म्हणून पट्टा रुंदच हवा, आणि कुंपण नसलेल्या जागीं दोरी सोडूं नये.

शिक्षण पिलूपणींच सुरू करावें. 'ये' हा एकच शब्द घरांतील सर्वांनीं वापरावा आणि तें आलें कीं भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यावी. धडा पांच मिनिटांचा पुरे. तो दिवसांतून दोनतीनदां घ्यावा. उशिरां आला म्हणून कधींही मारूं नये. मारलें तर येणें म्हणजे मार खाणें, एवढेंच तो शिकेल. छडीनें मूल गप्प बसतें, पण शिकत नाहीं, हें चाळीस वर्षांच्या शिक्षकीनंतर मला पटलें. या जनावराच्या बाबतींत तें दुप्पट खरें आहे. लहानपणींच माणसें, वाहनें व घरचीं जनावरें यांची त्याला सवय करावी.

त्याचे केंस आंखूड, म्हणून निगा थोडी. पण ती नियमानें हवी. आठवड्यांतून एकदोनदां रबरी ब्रशानें किंवा जाड्याभरड्या फडक्यानें अंग चोळावें. त्याच वेळीं कान, पंजे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. स्नान वारंवार नको. नखें वेळेवर कापावींत. अंगावर चरबी नसल्यानें थंडींत त्याला घोंगडी लागते, आणि फरशीवर निजल्यानें कोपरांना घट्टे पडतात. तेव्हां अंथरूण मऊ असावें. पिसाळरोगाची लस चुकवूं नये. रोज मोकळें धांवण्यास बंदिस्त जागा नसेल, तर हा कुत्रा घरीं आणूं नये, हेंच बरें.

मंद्रूपच्या रानांतील धनगर त्याला घोंगडीच्या कडेला निजूं देतो आणि आपल्या भाकरींतला चतकोर देतो. त्याच्याजवळ वंशावळीचा कागद नाहीं. पण हा कुत्रा कशासाठीं जन्मला, हें तो जाणतो. शहरांतील धन्यानें कागदाबरोबर तेवढें ज्ञानही घरीं न्यावें, इतकीच विनंति.