देवळामागची माती आणि वाराची परीक्षा

श्री मारुतीरायाच्या कृपेने व ग्रामस्थांच्या वर्गणीने जीर्णोद्धाराचे काम पूर्ण झाले. मंदिराच्या तीन बाजूंस फरशी बसली. मागील बाजूस मात्र, जुन्या तालमीच्या भिंतीलगतची जागा मातीचीच राखली आहे. एवढा खर्च केला, मग हा कोपरा तसाच का सोडला, असे मुंबईकर मंडळींनी व काही देणगीदारांनी विचारले. त्यांना खुलासा म्हणून दोन शब्द लिहावेत, असे समितीने सांगितल्यावरून हा लेख लिहीत आहे.

जत्रेच्या दिवशी आपली पोरे याच जागेवर दांडपट्ट्याने लिंबू कापतात. पाहणारे टाळ्या वाजवतात आणि पाळण्याकडे निघून जातात. लिंबू कापणे ही एक करामत आहे, असा बहुतेकांचा समज झाला आहे. वस्तुतः तो एका मोठ्या अभ्यासाचा उरलेला तुकडा आहे.

मराठी मुलुखात शस्त्रविद्येचा श्रीगणेशा फरीगदग्याने होत असे. एका हातात चामड्याची लहान ढाल, म्हणजे फरी, आणि दुसऱ्या हातात चामडे मढविलेली काठी, म्हणजे गदगा. त्याने पवित्रा बसतो, पाय मोकळे होतात, समोरच्याचा वार ओळखता येतो. पण गदगा गोल असतो. गोल काठीला धार कोठली? ती कशीही लागली तरी लागतेच. तलवारीचे तसे नाही. धार ज्या दिशेला आहे त्याच दिशेने हात गेला पाहिजे. मनगट किंचित कलले तरी पाते आडवे पडते आणि उत्तम पोलादाची तलवारही लोखंडी पट्टीसारखी आदळते. शिवाय आपल्या तलवारीच्या मुठीच्या टोकाला थाळीसारखी चकती असते. तिच्यामुळे मनगट फार मोकळे सुटत नाही, म्हणून आपटून मारण्यापेक्षा ओढून कापण्याकडे हात आपोआप वळतो. हे काठीवर शिकता येत नाही. त्यासाठी खरोखरीच काहीतरी कापावे लागते, आणि ते घरच्या घरी, बिनखर्चाचे असावे लागते.

येथे आपल्या बागायतीचा संबंध येतो. घड उतरल्यावर केळीचे खोड तोडावेच लागते. ते मातीत उभे रोवून त्यावर तिरपा वार करायचा. खोड म्हणजे पाण्याने भरलेल्या सोपटांची गुंडाळी. त्याला ताकद लागत नाही, पण ते खोटे बोलत नाही. वार सरळ गेला तर काप आरशासारखा सपाट पडतो आणि वरचा तुकडा क्षणभर जागेवर राहून मग घसरतो. मनगट फिरले तर कापात खळगा दिसतो. काप पाहून गुरूला शिष्याचा हात कळतो, बोलावे लागत नाही. केळीचा चीक मात्र पात्यावर डाग पाडतो, म्हणून लगेच पाते पुसून तेलाचा हात फिरवायचा. आमच्या वस्तादांना वार चुकलेला चालत असे, न पुसलेले पाते चालत नसे!

केळीनंतर कडब्याची पेंढी. ती पाण्यात भिजवून सुंभाने घट्ट आवळायची आणि मेढीला बांधायची. ज्वारीच्या ताटाची साल कठीण, आत भेंड मऊ. जपानातही तलवारीच्या परीक्षेसाठी भिजवलेल्या चटईच्या गुंडाळ्या वापरतात, असे वाचले तेव्हा मला आपल्या पेंढीचीच आठवण झाली. तिसरे निशाण ओल्या चिकणमातीचे. मातीच्या गोळ्यात आडवे पडलेले पाते जागच्या जागी अडकते. आणि सर्वांत शेवटी लिंबू. जमिनीवर ठेवलेले लिंबू लहान, गोल आणि निसरडे. धार नेमकी मधोमध न पडल्यास ते उडून जाते. पट्ट्याचे पाते लांब व लवचिक, मूठ खोबळ्यात बंद. तेथे लिंबाच्या दोन फाका जागेवर पडणे ही खरी परीक्षा. कापलेली लिंबे वाया जात नसत, ती तालमीच्या हौद्यातील मातीत पिळली जात.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महालाने सय्यद बंडाचा पट्ट्याचा हात वरच्या वर तोडला, ही कथा लहान मुलासही ठाऊक आहे. तो वार एकच होता. पण ऐन वेळी एकच वार नीट पडावा म्हणून आधी किती वार टाकावे लागतात, हे कोणी सांगत नाही.

नुसती धार पुरत नाही हे जितके खरे, तितकेच नुसता हातही पुरत नाही. कॅप्टन नोलन नावाच्या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निजामाच्या घोडेस्वारांची हकीकत आहे. त्यांच्या एकेका वाराने हात धडावेगळे होत, हे ऐकून त्याने त्यांच्या तलवारी पाहिल्या. तर त्या इंग्रज पलटणींनीच टाकून दिलेली जुनी पाती निघाली! आपल्या लोकांनी त्यांस देशी मुठी बसवून वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली होती. प्रसंगाशिवाय तलवार म्यानाबाहेर काढायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. यावरून मला तरी असे वाटते की, लढाईचे पाते निराळे आणि सरावाचे निराळे असणार.

पुढे इंग्रजी अंमलात ही विद्या आटली. १८५७ साली मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी शस्त्रे देण्यास नकार दिला, तेव्हा गावावर फौज चालून आली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बिनपरवाना तलवार बाळगणे हा गुन्हा झाला. ठिकठिकाणची पाती देवाच्या गाभाऱ्यात गेली आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीस, झेंडूची फुले घेऊन पुन्हा अंधारात बसली. उलट कोडगू प्रांत त्या कायद्यातून वगळला होता. तेथे कोडव लोकांच्या लग्नात वऱ्हाडातील मानकऱ्यांनी केळीची खोडे तोडण्याचा मान आजतागायत चालू आहे. आपल्याकडे लष्करी घोडदळात भरधाव घोड्यावरून टांगते लिंबू कापण्याचा खेळ राहिला. कोल्हापुरास त्र्यंबोलीच्या टेकडीवर ललितापंचमीला कोहळा छेदण्याचा विधी होतो. तो अर्थातच धार्मिक आहे. गावोगावी मात्र काठी उरली आणि एक लिंबू उरले.

त्या लिंबाची एक हकीकत सांगणे भाग आहे. आमच्या लहानपणी जत्रेत एका तरुणाने मित्राच्या तळहातावर लिंबू ठेवून वार केला. लिंबू कापले गेले, त्याबरोबर तळहातही. मित्राची दोन बोटे पुन्हा पुरती मिटली नाहीत. सारे गाव पट्ट्याला दोष देऊ लागले व काही वर्षे खेळच बंद पडला. वस्तादांनी एवढेच विचारले, "ह्याने केळी किती तोडल्या होत्या?" एकही नव्हती. मधल्या साऱ्या पायऱ्या गाळून तो थेट शेवटच्या पायरीवर उभा राहिला होता, कारण टाळ्या तेथेच पडतात.

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून मुलामुलींची गर्दी वाढली आहे. मुलीही शिकतात, हे विशेष आनंदाचे. म्हणूनच समितीने ठराव केला की, केळ, पेंढी व माती या तिन्हींवर वस्तादांनी पसंत केल्याखेरीज कोणाच्या हाती लिंबासाठी पट्टा द्यायचा नाही. लिंबू जमिनीवर अथवा खुंटीवरच ठेवावे, कोणाच्या अंगावर ठेवू नये. देवाची पाती गाभाऱ्यातच राहतील.

खोड रोवायला आणि चुकलेले पाते टेकायला माती हवी. फरशीवर पाते आपटले तर धार जाते, तुकडा उडाला तर डोळा जातो. तेवढ्यासाठी हा कोपरा उघडा ठेवला आहे. मळ्याकडील बागायतदारांनी घड उतरल्यावर खोडे देण्याचे कबूल केले आहे. ती संध्याकाळी आणून टाकावीत व सकाळी तोडलेले तुकडे देवळासमोर पडू न देता उकिरड्यात न्यावेत, एवढी विनंती.