ब्राउझरांचे युद्ध आणि भाड्याची यंत्रे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असंख्य संकेतस्थळांच्या तळाशी एक पाटी असे: हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसते. वाचकासाठी ती सूचना होती. पान रचणाऱ्यासाठी ती शरणागती होती.

डिसेंबर १९९४मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आला, ऑगस्ट १९९५मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. प्रमाणे ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४पासूनच होती. तरीही नेटस्केपने 'ब्लिंक' टॅग आणला, मायक्रोसॉफ्टने 'मार्की'. एक अक्षरे लुकलुकवी, दुसरा सरकवी. (भारतातील सरकारी संकेतस्थळांनी 'मार्की'वर केलेले प्रेम हा स्वतंत्र थ्रेडचा विषय!)

खरा मनस्ताप अदृश्य गोष्टींत होता. ३०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीस दोन्ही बाजूंनी २० पिक्सेल आतली मोकळी जागा दिली, तर प्रमाणानुसार तिची एकूण रुंदी ३४० भरे. विंडोजवरील एक्सप्लोरर ५ मात्र ती जागा ३००मध्येच धरी. परिणामी, एका ब्राउझरात नीट बसलेले पान दुसऱ्यात विस्कटे. २००१च्या एक्सप्लोरर ६ने हा हिशेब बऱ्याच अंशी सुधारला. पण पुढची आवृत्ती २००६पर्यंत आलीच नाही आणि सहाव्या आवृत्तीचे बाकीचे दोष जगभर रुजले.

एका विंडोजवर एक्सप्लोररची अधिकृतपणे एकच आवृत्ती बसे. त्यामुळे तपासणीसाठी अनेक संगणक मांडून बसणे भाग पडे. लहान चमूला ते कोठून परवडणार?

२००४मध्ये शिकागोत थॉटवर्क्समधील जेसन हगिन्स यांनी ब्राउझर आपोआप चालवून तपासणारे साधन लिहिले. स्पर्धक कंपनीचे नाव होते मर्क्युरी, म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा, या थट्टेतून 'सेलेनियम' हे नाव पडले. याच हगिन्स यांच्या सहभागाने २००८मध्ये सॉस लॅब्स उभी राहिली आणि दूरच्या यंत्रांवरील ब्राउझर भाड्याने मिळू लागले.

या कथेत मुंबई येते २०११मध्ये. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी ब्राउझरस्टॅक सुरू केले. तोवर २००७च्या आयफोनने आणि २००८च्या पहिल्या अँड्रॉइड फोनने गुंता अनेकपट वाढवला होता. संगणकावरचा नकली फोन पडद्याचा आकार दाखवतो. स्वस्त फोनची अपुरी स्मृती किंवा तापलेला प्रोसेसर दाखवत नाही. म्हणून डेटा सेंटरमध्ये खरेखुरे फोन मांडले गेले. त्यांच्या पडद्याचे चित्र तपासनिसाच्या ब्राउझरात उमटते, त्याचा स्पर्श उलट पोहोचतो आणि सत्र संपताच फोनवरील माहिती पुसली जाते. २०२१मध्ये या कंपनीचे मूल्यांकन ४ अब्ज डॉलर झाले. प्रमाणे सर्वांनी वेळीच पाळली असती, तर या धंद्याचा मोठा भाग जन्मालाच आला नसता.

इंटरनेट एक्सप्लोरर ११चा आधार मायक्रोसॉफ्टने बहुतांश विंडोज १० संगणकांवर १५ जून २०२२ रोजी काढून घेतला. एज ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी राखलेली 'आयई मोड' ही खोली मात्र किमान २०२९पर्यंत उघडी राहणार आहे.